पार्श्वभूमी : बासरीवरची मींड आणि सातवे छिद्र

सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांवर मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात न तुटता घसरणे, नवे नाही. सनईवाला ओठांनी पत्तीवरचा दाब बदलतो, नागस्वरवाला श्वास आणि बोटे मिळून गमक, म्हणजे सुराचे आंदोलन, काढतो. बासरीवर मात्र मैफलीत विलंबित ख्याल मांडायची वेळ आली ती 1940च्या आसपास, आणि खरी अडचण तेव्हा पुढे आली.

तोपर्यंतची बासरी आखूड होती, धून आणि लोकसंगीतापुरती. बारिसालहून कोलकातामार्गे 1940 मध्ये मुंबईत आलेल्या एका वादकाने सुमारे 32 इंचांची जाड, खर्जाची बासरी रूढ केली. छिद्रे मोठी, म्हणून बोट हळूहळू सरकवत सूर ओढता येऊ लागला.

अडत होते एकाच जागी. सहा छिद्रांच्या बासरीवर सगळी छिद्रे उघडी ठेवली की तीव्र मध्यम (चढा म), आणि सगळी बंद करून जोरात फुंकले की पंचम (प). शेजारचे दोन सूर, पण एकाकडून दुसऱ्याकडे जाताना सहाही बोटे एकदम पडतात. तिथे मींड तुटणारच. यमन, पूरिया धनाश्री यांसारख्या रागांत ही जागा टाळून कसे भागणार? त्याच वादकाने खाली करंगळीसाठी सातवे छिद्र पाडले. तेही झाकले की तीव्र मध्यम, करंगळी अलगद उचलली की पंचम. मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमाखालचा तीव्र मध्यमही यामुळे हाती आला.

वाद इथून सुरू होतो. एवढ्या लांब बासरीवर करंगळी तिथवर पोचवणे त्रासाचे, पंजा ताणला की इतर बोटांचा वेग जातो, असा आक्षेप घेणारे आजही आहेत. पुढच्या पिढीत जगभर पोचलेली बासरी सहा छिद्रांचीच राहिली. फुंकेचा कोन आणि अर्धी झाकलेली छिद्रे यांवर तिने काम भागवले. ते कौशल्य मोठेच. पण संथ आलापात मध्यम-पंचमाची जागा कान देऊन ऐकावी, फरक कळतो.

योगायोग असा, की याच काळात, 1940 पासून सुमारे तीन दशके, आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. वाद्य हवेचेच, पण पट्टीपट्टीतून मींड निघत नाही, हा तिच्यावरचा एक मोठा आरोप. बासरीला त्याच मायक्रोफोनसमोर जागा मिळाली.

पाश्चात्त्य वाद्यांची गोष्ट निराळी. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मैफलीत क्लॅरिनेटने सुरुवातीलाच सूर घसरवत वर नेला. स्वरलिपीत तिथे सुटे सूर लिहिले होते, वादकाने तालमीत ते गंमत म्हणून जोडले आणि रचनाकाराने तसेच ठेवले. सॅक्सोफोनची छिद्रे गाद्यांनी झाकलेली, बोटाने थेट अर्धे झाकण्याची सोय नाही. तिथे ओठ आणि गळाच कामी येतो. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांतल्या गोवेकर वादकांनी जॅझमधून आणलेली ही घसरण हिंदी गाण्यांत पुष्कळ ऐकू येते.

बासरी बनवणारे आज दोन्ही प्रकार विकतात. गुरू कोणता, यावर छिद्रे ठरतात.