बोकाशी: बादली नंतर आली

‘बोकाशी’ या जपानी शब्दात कचरा नाही, खत नाही आणि आंबवणंही नाही. त्याचा अर्थ कडा पुसट करणं, विरवणं. जपानी चित्रकार हिरोशिगेच्या लाकडी ठशांच्या चित्रांत वरचा गडद निळा रंग खाली येता येता फिका होत नाहीसा होतो, त्या छपाईच्या करामतीलाही बोकाशीच म्हणतात. शेतीत हा शब्द आला तो खताचा जोर मवाळ करण्याच्या अर्थाने. पुढे तो स्वयंपाकघरातला कचरा आंबवायच्या झाकणबंद बादलीला चिकटला. एकाच नावाखाली दोन वेगळ्या रीती नांदत असल्यामुळे घरी बोकाशी करणाऱ्यांची हमखास फसगत होते.

जुनी रीत अशी. भाताचा कोंडा, तेलबियांची पेंड, मासळीचं कूट ही नत्राने भरलेली खतं कच्चीच जमिनीत घातली, तर ती तिथे एकदम कुजू लागतात. अमोनिया सुटतो, कोवळी मुळं करपतात, वासावर आलेल्या माश्या अंडी घालतात आणि अळ्या उगवतं बी पोखरतात. म्हणून जपानी शेतकरी हा माल मातीत कालवून, ओलसर करून ढीग लावत. ढीग फार तापू लागला की उलथत. सुटणारा अमोनिया बराचसा माती धरून ठेवी. काही आठवड्यांनी ते वाळवून शेतात टाकलं, की पिकाला हळूहळू लागू पडे. या ढिगात हवा खेळत होती, माती होती; स्वयंपाकघरातलं खरकटं मात्र नव्हतं. लॅटिन अमेरिकेत पोचलेली बोकाशी आजही बहुतेक याच घराण्यातली आहे: कोंबडीखत, कोळशाचा चुरा, उसाची पातळ मळी (मोलॅसिस), माती आणि रोजची उलथापालथ. तिथली कृती वाचून कोणी बादली रोज ढवळायला लागला, तर चार दिवसांत नाक धरायची वेळ येते.

दुसरा धागा जपानच्या ओकिनावा बेटातला. र्‍युक्यू विद्यापीठात फलोद्यानशास्त्र शिकवणारे तेरुओ हिगा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सूक्ष्मजीवांचं एक मिश्रण पुढे आणलं आणि त्याला ‘इफेक्टिव्ह मायक्रोऑर्गॅनिझम्स’, थोडक्यात ईएम, हे नाव दिलं. त्यात तीन मुख्य गट आहेत: लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशसंश्लेषक जिवाणू. मोकिची ओकादा (१८८२–१९५५) यांच्या शिकवणीतून निघालेल्या, धार्मिक अंगाच्या निसर्गशेती चळवळीने ईएम उचलून धरलं. १९८९ साली थायलंडमधल्या खोन केन इथे या शेतीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, त्यानंतर ईएम जपानबाहेर झपाट्याने पसरलं. ते द्रव कोंड्यावर चढवून वाळवलं, की झाला ‘बोकाशी कोंडा’. हाच कोंडा हवाबंद बादलीत उष्ट्याच्या थरांवर भुरभुरायची टूम निघाली आणि आजची घरगुती बोकाशी तिथून सुरू झाली.

म्हणजे नाव जुन्या ढिगाचं, पण काम मुरघासाचं. हिरवा चारा हवाबंद दाबला की त्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि चारा टिकतो. सामू (आम्लता मोजणारा पीएच; आकडा जितका कमी तितका माल आंबट) चारच्या खाली नेला की सडवणारे जिवाणू हात आखडतात, हे फिनलंडच्या ए. आय. विर्तानेन यांनी चाऱ्यावर दाखवलं. त्या कामासाठी त्यांना १९४५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बादलीतही हेच घडायला हवं. सामू वेळेत उतरला नाही, तर क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू ब्युटिरिक आम्ल करतात आणि खवट, उलटीसारखा वास सुटतो.

कोंडा घरी करायचा तर १ किलो गव्हाच्या किंवा भाताच्या कोंड्याला २० मिली ईएम, २० मिली मळी आणि साधारण ३०० ते ४०० मिली पाणी पुरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवलेलं बरं. पाणी एकदम ओतू नये. मूठ दाबली की गोळा राहिला, बोटाने टोचल्यावर फुटला आणि पाणी टपकलं नाही, की थांबायचं. पिशवीतली हवा दाबून काढून, घट्ट बांधून दोन आठवडे सावलीत ठेवायचं. उघडल्यावर आंबटगोड वास आला पाहिजे. लगेच वापरायचा नसेल तर पातळ पसरून सावलीतच वाळवायचा. ओलसर डब्यात भरून ठेवलेला कोंडा हिरवा पडतो.

बादलीला तळाशी जाळी आणि तोटी हवी. कचरा बारीक चिरून दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्यायचा, त्यावर एक-दोन मोठे चमचे कोंडा. मांस, मासे असतील तर दुप्पट. वरून थाळीने दाबून हवा काढायची. झाकण दिवसातून एकदाच उघडावं, साठवलेला कचरा एकदम घालावा. तोटीतून दर दोन-तीन दिवसांनी पाझर काढला नाही, तर तळचा थर पाण्यात बुडून नासतो, आणि बिघडलेल्या बादल्यांत हे कारण फार वेळा सापडतं. तो पाझर झाडांना द्यायचा तर १०० पट पाण्यात मिसळून, त्याच दिवशी. बादली भरली की दोन आठवडे बंद. पांढरी बुरशी चालते. हिरवी किंवा काळी दिसली की हवा शिरली किंवा कोंडा कमी पडला असं समजावं.

ईएमच्या नावाने केले जाणारे सगळे दावे मात्र टिकलेले नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या चार वर्षांच्या शेतचाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जिवंत ईएम आणि निर्जंतुक केलेलं ईएम यांच्यात फरक आढळला नाही. जो काही परिणाम दिसला तो सोबतच्या सेंद्रिय मालाचा होता. ही चाचणी पिकावरची होती, बादलीतल्या आंबवणीवरची नाही, हे ध्यानात ठेवून वाचावी. बादलीत खरं ओझं लॅक्टिक जिवाणू वाहतात. म्हणून हेच जिवाणू तांदळाच्या धुवणात वाढवून, दुधात घालून, वर आलेला चोथा काढल्यावर उरणाऱ्या पिवळसर पाण्यावरही कोंडा तयार होतो. मिश्रणातल्या प्रकाशसंश्लेषक जिवाणूंना अंधाऱ्या बादलीत प्रकाश मिळत नाही, ही गंमत जाहिरातीत सहसा येत नाही.

दोन आठवड्यांनी झाकण काढणाऱ्याची निराशा होते ती ‘खत’ या शब्दामुळे. साली सालींसारख्याच दिसतात, ढीग फारसा बसलेला नसतो. आंबवणीत कर्ब फार थोडा उडून जातो, म्हणून वजनही जवळपास तेवढंच राहतं. पुढचं काम मातीचं. २० ते ३० सेंटिमीटर खोल चर खणून हा माल मातीत कालवायचा, वर चांगला जाड थर द्यायचा. जागा नसेल तर मोठ्या पेटीत खाली माती, मध्ये माल, वर माती. निदान दोन आठवडे तिथे रोप लावू नये; आंबट मालाला टेकलेलं मूळ करपतं, आणि त्याचा दोष मग लोक रोपवाटिकेला देतात. खणून पाहिल्यावर आंबट वास जाऊन ओल्या मातीचा वास येत असेल आणि भाजीचा तुकडा ओळखू येत नसेल, तर लावणीला हरकत नाही. थंडीत याला महिना-दोन महिनेही लागतात.