फरशी बदलताना कमोड आणि बेसिन : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

पावसाळा संपला की इंदूरमधील जुन्या घरांत बाथरूम नवे करून घेण्याची कामे निघतात आणि दिवाळीपर्यंत आमच्या प्लंबिंगच्या कारागिरांना उसंत मिळत नाही. या दिवसांत जवळजवळ प्रत्येक ग्राहक आम्हाला एकच प्रश्न विचारतो : कमोड काढायला एक फेरी आणि बसवायला दुसरी, एवढ्यात काम होत असताना आम्ही फरशी लावण्यापूर्वीच्या मधल्या फेरीचा आग्रह का धरतो? फोनवर घाईत दिलेले उत्तर पटत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून ते येथे सविस्तर लिहून देत आहोत.

नवी फरशी कमोडच्या खालूनही गेली पाहिजे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. कमोड जागेवर ठेवून त्याच्या भोवती टाइल कापून बसवली, तर दोन दिवसांचा खोळंबा वाचतो खरा; पण पाणी जेथे सर्वांत जास्त पडते तेथेच एक वाकडातिकडा सांधा कायमचा राहतो, आणि पुढे कमोड बदलायची वेळ आली की नव्या कमोडचा तळ जुन्या आकारात बसत नाही. असे काम आम्ही घेत नाही.

खरी अडचण उंचीची आहे. जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवायची म्हटले, तर 8 ते 10 मिलिमीटरची टाइल आणि खाली 4 ते 6 मिलिमीटर चिकटवण्याचा मसाला मिळून जमीन 12 ते 16 मिलिमीटर वर येते. चालताना हा फरक कोणालाही कळत नाही. परंतु कमोड जमिनीवर उभा असतो आणि त्याचा मैला वाहून नेणारा पाइप स्लॅबमध्ये किंवा भिंतीत पक्का बसवलेला असतो. जमीन वर आली की कमोड वर येतो, पाइप मात्र जेथे होता तेथेच राहतो. ज्या कमोडचा निकास खाली जमिनीत असतो, म्हणजे एस-ट्रॅप, त्याच्या पाइपाचे तोंड तयार फरशीच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावे लागते. ते दीड सेंटीमीटर खाली गेले, तर रबरी जोडाची पकड अपुरी पडते आणि प्रत्येक फ्लशबरोबर थोडे पाणी कमोडच्या तळाखाली शिरते. ज्याचा निकास मागे भिंतीत असतो, म्हणजे पी-ट्रॅप, त्याच्या निकासाचा मध्य बहुतेक कमोडांमध्ये तयार फरशीपासून सुमारे 180 मिलिमीटर उंचीवर असतो. येथे जमीन वर आली, तर जोड तिरका बसतो. जमीन खाली गेली, तर त्याहून वाईट होते, कारण कमोडचा निकास भिंतीतील पाइपाच्या खाली जातो, पाणी मागे साचते आणि फ्लश कितीही जोरात सोडला तरी भांडे स्वच्छ होत नाही.

जमीन खाली कशी जाईल, असे पुष्कळ जण विचारतात. रामबाग, नारायण बाग या भागांतील जुन्या घरांमध्ये कोटा फरशी आहे. तिची जाडी आणि खालचा चुन्याचा किंवा सिमेंटचा थर मिळून बरीच उंची होते. तो सगळा थर फोडून पातळ टाइल बसवली की बाथरूमची पातळी सहज दोन-तीन सेंटीमीटर उतरते. घरात प्रशस्त वाटावे म्हणून मिस्त्री हे आनंदाने करून देतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. त्याचे लक्ष उताराकडे आणि नहाणी ट्रॅपच्या जाळीकडे असते, आणि ते तेथेच असले पाहिजे. कमोडच्या पाइपाचा विचार करणे हे आमचे काम आहे, आणि त्यासाठी आम्हाला योग्य वेळी बोलावले जावे, एवढीच आमची विनंती आहे.

पूर्वी आम्हीही दोनच फेऱ्या करत असू. लोकमान्य नगरमधील एका घराच्या पहिल्या मजल्यावर आम्ही कमोड काढून दिला आणि फरशी पूर्ण झाल्यावर बसवायला गेलो. पाइपाचे तोंड नव्या टाइलच्या खाली गेलेले दिसत होते. मिस्त्रीने पोकळी भरण्यासाठी तोंडाभोवती पांढऱ्या सिमेंटचे कडे करून ठेवले होते, आणि घरी पाहुणे येणार असल्यामुळे आम्हीही त्यावरच जोड बसवला. महिनाभर सर्व ठीक होते. मग तळमजल्यावरच्या खोलीत, देवघराच्या अगदी वर, छताला बशीएवढा पिवळट डाग पडला. कमोड उचलून पाहिला तेव्हा सिमेंटचे कडे एका बाजूने तडकून त्याचा तुकडा पाइपाच्या तोंडात अडकलेला होता आणि तळाखालची टाइल ओली होती. पाइप वाढवण्यासाठी तीन टाइल फोडाव्या लागल्या. त्याच छटेची टाइल दुकानात उरली नव्हती, म्हणून त्या नव्या बाथरूममध्ये आजही तीन टाइल वेगळ्या दिसतात. ते काम आम्ही आमच्या खर्चाने करून दिले आणि त्यानंतर मधली फेरी कधी सोडली नाही. (टाइल घेताना एक पेटी जास्त घ्यावी आणि पेटीवर छापलेला बॅच व शेड क्रमांक सर्व पेट्यांवर एकच आहे ना, हे पाहावे, हेही आम्ही तेव्हापासून सर्वांना सांगतो.)

मधल्या फेरीत आम्ही काय करतो, ते सांगतो. जुनी फरशी काढून झाल्यावर, किंवा तीवरच टाइल लावायची असेल तर लावण्यापूर्वी, मिस्त्री कमोडच्या जागी एक टाइल मसाल्याच्या जाडीसह नुसती मांडून दाखवतो. आम्ही पाणसळ लावून तयार पातळी ठरवतो, भिंतीवर खूण करतो आणि त्या खुणेप्रमाणे पाइपाला तुकडा जोडतो किंवा जास्तीचा भाग कापतो. पीव्हीसी पाइप असेल तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. जुना बिडाचा पाइप असेल तर थोडा जास्त वेळ लागतो, कारण तो घाईने कापला तर चिरतो. हेच काम फरशी झाल्यावर करायचे म्हटले की फोडाफोडी, नवी टाइल, पुन्हा मिस्त्री आणि पुन्हा वाळण्याची वाट, असे तीन-चार दिवस जातात, आणि घरात एकच शौचालय असेल तर ते दिवस फार कठीण जातात.

त्याच वेळी आम्ही भिंतीपासूनचे अंतरही मोजतो. एस-ट्रॅप कमोड घेताना तयार भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचे अंतर, साधारणपणे 9 किंवा 12 इंच, पाहूनच घ्यावा लागतो. भिंतीवर जुन्या टाइलवर नवी टाइल चढली की हे अंतर अर्ध्या इंचाने कमी होते आणि फ्लशची टाकी भिंतीला टेकते. म्हणून नवा कमोड घेणार असाल, तर तो दुकानातून आणण्यापूर्वी आम्हाला मोजू द्यावे. मापाला योग्य ठरतील असे दोन-तीन नमुने आम्ही सुचवतो. खरेदी आमच्याकडूनच करावी, असा आग्रह नाही.

बेसिनचे काम तुलनेने सोपे आहे. भिंतीवरच्या बेसिनला फरशीने फरक पडत नाही. पूर्ण खांबावरचे बेसिन मात्र जमीन वर आली की जुन्या बोल्टच्या उंचीवर बसत नाही, कारण खाली खांबाला जागा उरत नाही. अशा वेळी भिंतीत नवी छिद्रे पाडावी लागतात, आणि भिंतीची टाइलही बदलणार असाल तर ही छिद्रे तिच्यात नव्या उंचीनेच पाडलेली बरी.

कमोड काढल्यापासून बसवेपर्यंत पाइपाचे तोंड बंद ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. आम्ही त्यात रबरी बूच घट्ट बसवून जातो. ते कोणीही काढू नये. गोणपाट किंवा कागदाचा बोळा कोंबला की तो खाली सरकतो, वरून मसाला पडतो आणि आत दगडासारखा घट्ट होतो. बूच काढले की घरात दुर्गंध आणि झुरळे येतात, ते वेगळेच.

बसवताना आम्ही कमोडचा तळ सिमेंटमध्ये रोवत नाही. स्क्रू आणि सिलिकॉनने बसवलेला कमोड पुढे कधीही अखंड काढता येतो. सिमेंटमध्ये रोवलेला कमोड काढताना बहुधा फुटतो. तळाच्या मागच्या बाजूला दोन बोटांएवढी जागा आम्ही सिलिकॉनशिवाय मोकळी ठेवतो, आणि ती राहून गेली असे समजून अनेक ग्राहक आम्हाला परत बोलावतात. ती जाणूनबुजून ठेवलेली असते : जोड कधी गळलाच तर पाणी तेथून बाहेर येऊन दिसावे, खालच्या छतात मुरू नये. मसाल्याने चिकटवलेल्या टाइलवर किमान 48 तासांनी आणि सिमेंटच्या थरावरील टाइलवर चार-पाच दिवसांनी आम्ही छिद्रे पाडतो. सिलिकॉन लावल्यावर 24 तास वापर करू नये.

ज्या घरांत बोअरचे पाणी येते, तेथे जुने अँगल कॉक (भिंतीतून येणारे पाणी बंद-चालू करणारे छोटे नळ) क्षाराने जाम झालेले असतात आणि कनेक्शन पाइपातील रबरी वायसर कडक झालेले असतात. ते पुन्हा वापरण्याचा आग्रह धरू नये. कमोड आणि बेसिन तुमचेच राहते, पण हे छोटे सामान नवे घातल्याशिवाय आम्ही जोडावर एक वर्षाची हमी देऊ शकत नाही. देशी बैठकीचे भांडे जमिनीत गाडलेले असते आणि काढताना सहसा वाचत नाही. त्याऐवजी नवे भांडे धरूनच खर्चाचा अंदाज करावा.

आमच्या अंदाजपत्रकात तिन्ही फेऱ्यांची मजुरी एकत्र असते. मधली फेरी नको असे सांगितल्यास मजुरी कमी होत नाही आणि हमीही राहत नाही. काम ठरवताना कमोडच्या बाजूने व मागून घेतलेली दोन छायाचित्रे, घर कोणत्या मजल्यावर आहे आणि जुनी फरशी फोडणार की तीवरच टाइल लावणार, एवढे कळवावे. आणि मिस्त्री कोणत्या दिवशी टाइल मांडायला सुरुवात करणार आहे, ते किमान दोन दिवस आधी सांगावे. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी वरची टाकी भरून ठेवावी. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, आणि दहा-बारा वेळा फ्लश सोडून जोड कोरडा राहतो हे तुमच्यासमोर पाहिल्याशिवाय आमचा कारागीर घरातून निघत नाही.