चिठ्ठ्या फिरवा, भार हलवू नका

खानापूरकडच्या आमच्या मामांनी गेल्या पावसाळ्यात सहा खाचरांत भात केलं. तीन खाचरांना नवं कंपोस्ट, उरलेल्या तिन्हींना नेहमीचं शेणखत. सुगीला कंपोस्टच्या खाचरांत गुंठ्यामागे उतारा जास्त आला. मामा म्हणाले, "हे खताचं काम, का नशिबाचं?"

हे कागदावर तपासता येतं. सहाही उतारे लिहायचे आणि 'कंपोस्ट'च्या तीन चिठ्ठ्या त्यांच्यावर फिरवून ठेवत जायचं. सहांतून तीन निवडायच्या रीती २०. खतात दम नसेल, तर चिठ्ठ्या कुठेही पडल्या तरी सारखंच. वीसही मांडण्यांत खऱ्या मांडणीचाच फरक सर्वांत मोठा निघाला, तर नुसत्या नशिबानं तसं व्हायची शक्यता वीसात एक. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३५ साली चहाच्या आठ कपांवर हाच विचार मांडून दाखवला होता.

जनुकांच्या अभ्यासात हीच युक्ती लागते. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००. कुठलं जनुक किती काम करतंय, हे मोजता येतं. आजारात एखाद्याच जनुकाचं काम ठळकपणे बदलेल असं नाही. पुष्कळदा एका कामावरची अख्खी टोळी थोडी थोडी मंदावते. २००३ साली ४३ पुरुषांच्या स्नायूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेही आणि निरोगी यांच्यात एकही जनुक एकट्यानं उठून दिसेना. पण पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी जनुकं एकत्र पाहिली, तर मधुमेह्यांत ती जवळपास सगळीच किंचित खाली होती, सरासरी वीसेक टक्क्यांनी.

अशा टोळीची परीक्षा घेताना पिसायचं काय? जनुकं पिसणं सोपं, म्हणून अनेक जण तेच करतात. मला ते मुळीच पटत नाही. टोळीतली जनुकं भावकीसारखी असतात. गावसभेत एकाच भावकीचे शंभर हात वर झाले, म्हणून ती शंभर स्वतंत्र मतं होत नाहीत. शंभर जनुकांत सरासरी सहसंबंध (एकमेकांबरोबर वरखाली होण्याचं माप; पूर्ण साथ असेल तर १) अवघा ०.०५ असला, तरी त्यांच्या सरासरीचं विचरण, म्हणजे चढउताराचं माप, ती स्वतंत्र असती त्याच्या १ + ९९ × ०.०५, म्हणजे जवळजवळ सहापट होतं. शंभर हातांमागे मतं सतराच. जनुकं पिसली की भावकी मोडते आणि साधा योगायोगही मोठा शोध वाटू लागतो. म्हणून चिठ्ठ्या फिरवायच्या त्या माणसांच्या: 'मधुमेही', 'निरोगी'. प्रत्येक माणसाची सगळी जनुकं एकत्रच राहतात.

आता मामांच्या खाचरांतली खरी अडचण. एक खाचर पाच गुंठ्यांचं, एक जेमतेम गुंठाभर. त्या छोट्याच्या एका कोपऱ्यात रानडुक्कर शिरलं आणि गुंठ्याचा उतारा पार खाली आला. मोठ्यात तेवढीच नासधूस जाणवलीही नसती. छोट्याचा आकडा कमी भरवशाचा, म्हणून हिशोबात त्याला भार कमी द्यायचा. जनुकांचंही तसंच: ज्याच्या आरएनएचे, म्हणजे जनुकाच्या कामचलाऊ नकलेचे, तुकडे पाचच मोजले गेले त्याच्यावर विश्वास कमी, पाच हजार मोजले गेले त्याच्यावर जास्त. असा भार देऊन रिग्रेशन (एक आकडा दुसऱ्या गोष्टींवरून अंदाजायचा हिशोब) करायची 'वूम' ही पद्धत २०१४ मध्ये आली आणि आज ती सर्रास वापरतात.

भार हा त्या मोजमापाचा असतो, चिठ्ठीचा नव्हे. चिठ्ठी फिरली तरी गुंठाभराचं खाचर गुंठाभराचंच राहतं. पण एवढ्यानं भागत नाही. पिसण्यामागचं गृहीतच असं, की सगळे आकडे एकमेकांच्या जागी चालावेत. डळमळीत आणि पक्के आकडे तसे चालत नाहीत. मग चिठ्ठ्यांऐवजी अवशेष, म्हणजे खरा आकडा वजा अंदाज, पिसतात. ज्या घटकाची परीक्षा घ्यायची तो वगळून, वय वगैरे बाकीच्या गोष्टींचं रिग्रेशन करायचं. जे उरेल त्याला भाराच्या वर्गमुळानं गुणलं, की सगळे एका पातळीवर येतात. मग पिसायचं, ज्या जागी पडले तिथल्या भाराच्या वर्गमुळानं भागायचं, अंदाजात परत मिळवायचं आणि रिग्रेशन नव्यानं करायचं. सगळ्या जनुकांना पिसणी मात्र एकच, नाहीतर भावकी पुन्हा मोडली. अवशेष पिसायची मूळ कल्पना फ्रीडमन आणि लेन या संख्याशास्त्रज्ञांची, १९८३ ची.

हजार वेळा पिसून एकदाही खऱ्याएवढा फरक आला नाही, तरी शक्यता शून्य लिहू नये. खरी मांडणीही त्यांतलीच एक, म्हणून १००१ त १.

मामांना मी वीसात एक सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. यंदा रोहिणीत धूळवाफेची पेरणी करताना ते दहा खाचरं सारख्या मापाची आखणार आहेत, पाच-पाच. दहांतून पाच निवडायच्या रीती २५२.