५१२ की ४०९६? इमेज फाइलमधल्या डिस्कच्या घोळाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत जुन्या डिस्कची इमेज फाइल (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत असलेली फाइल) काढून ठेवण्याचं काम आमच्याकडे सतत येतं. त्यात एक तक्रार हमखास असते: इमेज पूर्ण निघाली, पण व्हर्च्युअल डिस्क म्हणून जोडली की विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणतं. तिथे कृपा करून होकार देऊ नका. हिशेबाच्या फाइली आत शाबूत असू शकतात; चुकलेलं असतं ते सेक्टरचं माप, म्हणजे डिस्क ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाचली-लिहिली जाते त्यांचं माप.

१९८१ चा आयबीएम पीसी ५१२ बाइटचा सेक्टर वापरत होता. १९८३ च्या एक्सटीमधली १० एमबीची हार्ड डिस्कही त्याच मापाची. एमबीआर तक्त्यात (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, कुठे सुरू होतात याची डिस्कवरची जुन्या पद्धतीची नोंद) सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा, त्यामुळे ५१२ च्या हिशेबाने २ टीबीला गाडी अडते. डिस्क त्याहून मोठ्या झाल्या, पण एमबीआरवर चालणारं जुनं विंडोज एक्सपी वापरणारे तर होतेच. त्यांच्यासाठी काही यूएसबी केस (डिस्क आत बसवून बाहेरून जोडायचे डबे) संगणकाला सेक्टर ४०९६ बाइटचा दाखवू लागल्या. मर्यादा १६ टीबीवर गेली, पण पार्टिशनचा तक्ताही त्याच मापात लिहिला गेला.

घोळाचं मूळ इथे आहे: तक्ता ४०९६ च्या मापात, पण इमेज जोडताना माप ५१२ धरलं जातं. समजा, तक्त्यानुसार पार्टिशन २५६ व्या सेक्टरला सुरू होतं. केसच्या मापाने ती जागा १ एमबीवर येते, ५१२ च्या मापाने १२८ केबीवर, आणि तिथे फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवणारी रचना) नसतेच. ३ टीबीचं पार्टिशन ३७५ जीबीचं दिसतं. आकार नेमका एक-अष्टमांश दिसला की निदान झालं समजा. जीपीटी (एमबीआरनंतरचा नव्या पद्धतीचा तक्ता) असेल तर तक्ताच सापडत नाही, कारण त्याचं हेडर (सुरुवातीची नोंद) सेक्टर १ मध्ये असतं आणि तो सेक्टर कुठे सुरू होतो हे मापावर ठरतं.

२०१० च्या सुमारास डिस्क बनवणारेच आतून ४०९६ कडे वळले, बाहेर मात्र ५१२ दाखवत राहिले. त्यात तक्ता बिघडत नाही, वेग मार खातो. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरला सुरू करायचं, ४०९६ मध्ये ५१२ चे ८ सेक्टर बसतात, आणि ६३ ला ८ ने भाग जात नाही; म्हणजे पार्टिशन आतल्या मोठ्या सेक्टरच्या मधेच सुरू होतं.

लिनक्सचं लूप डिव्हाइस (इमेज फाइल डिस्कसारखी जोडायची सोय) मुळात ५१२ धरतं. २०१७ च्या ४.१४ कर्नलपासून (लिनक्सच्या गाभ्याची आवृत्ती) त्याला ४०९६ सांगता येतं. जोडताना ‘फक्त वाचन’ ठेवा. विंडोजच्या व्हीएचडी या व्हर्च्युअल डिस्क फाइलीला ५१२ च कळतं. तिच्या पुढच्या, २०१२ च्या व्हीएचडीएक्स प्रकारात ४०९६ ची सोय आहे, पण लॉजिकल (संगणकाला दाखवल्या जाणाऱ्या) सेक्टरचा आकार डिस्क बनवतानाच ठरतो. म्हणून इमेज काढतानाच फाइलच्या नावात सेक्टरचा आकडा घाला, आणि ती कोणत्या केसमधून काढली तेही.