नावात वेल, हातात काटा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीलगत मधुमालती लावली. भिंत नवी, गिलावा गुळगुळीत, वर ऑइलपेंट. वेल भराभर वाढली आणि पहिल्याच वळवाच्या पावसात भिंतीवरून सुटून पार्किंगमधल्या स्कूटरींवर आडवी झाली. "वेल आहे ना ही? मग चढत का नाही?" सेक्रेटरी काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

उभं राहायचं तर झाडाला खोड जाड करावं लागतं आणि त्यात बरंच अन्न खर्ची पडतं. वेल हा खर्च वाचवते आणि लांबी वाढवते. बदल्यात तिला दुसऱ्याचा आधार लागतो, आणि तो धरायची तऱ्हा प्रत्येकीची निराळी.

गोकर्ण अंगानेच गुंडाळत जाते. तिचा शेंडा वाढता वाढता हवेत गोल फिरतो आणि सुतळी लागली की तिच्याभोवती वेढे घेतो. आजारपणामुळे खोलीत अडकलेल्या चार्ल्स डार्विनने हॉपच्या (बिअरमध्ये वापरतात त्या) वेलीच्या अशा फेऱ्या मोजल्या होत्या: उन्हाळ्यात एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं. १८६५ साली त्याने हे सगळं प्रसिद्ध केलं. सपाट भिंतीला मात्र वेढा घालता येत नाही, तिथे गोकर्ण लाचार.

कृष्णकमळाचा तणावा, म्हणजे आधार पकडणारा दोऱ्यासारखा अवयव, एकदा जवळून बघाच. टोकाने तार पकडली की मधला भाग जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखा पिळत जातो. पण दोन्ही टोकं बांधलेली असताना एकाच दिशेने पीळ बसणार कसा? म्हणून अर्धा तणावा डावीकडे वळतो, अर्धा उजवीकडे, आणि मध्ये सरळ तुकडा राहतो. तयार होते ती स्प्रिंग. वाऱ्याने वेल हलली तरी तणावा ताणतो, तुटत नाही. जानेवारीत बंगल्यांच्या फाटकांवर केशरी फुलांनी लगडणाऱ्या संक्रांत वेलीने तर पानाच्या तीन पर्णिकांपैकी (छोट्या पानांपैकी) मधलीचाच तणावा केलेला असतो.

आता बोगनवेल. दक्षिण अमेरिकेतल्या या झाडाला १७६६ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या बूगॅनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचं नाव मिळालं. 'बोगनविलिया'तल्या 'विलिया'ची आपण 'वेल' करून टाकली, आणि गंमत म्हणजे ही खरी वेल नव्हेच! ती पसरणारं झुडूप आहे. तिला ना वेढे घालता येतात, ना तणावे फुटतात. लांबलचक फांद्या शेजारच्या झाडावर टाकायच्या आणि बाकदार काट्यांनी अडकून राहायचं, एवढंच तिला जमतं. (रंगीत दिसतात तीही पाकळ्या नव्हेत, पानं आहेत, खरी फुलं त्यांच्या पोटातल्या बारीक नळ्या.) प्रभात रोडवरच्या जुन्या बंगल्यांत ती दिमाखात दिसते, कारण तिथे भिंतीवरून पलीकडे लोंबायला मोकळीक आहे. पाण्याची ओढ बसली की ती जास्त फुलते. रोज बादलीभर पाणी घालणाऱ्यांना नुसता पाला मिळतो, आणि मला वाटतं तो योग्यच न्याय आहे.

मधुमालती याच पंथातली. पान गळताना तिच्या देठाचा बुंधा खोडावरच राहतो, टणक होतो आणि काट्यासारखा अडकतो. ऑइलपेंटवर तो कशाला अडकणार? कोरड्या भिंतीवर स्वतः चढायला चिकटणारी मुळं लागतात, किंवा पिवळ्या फुलांच्या एका बिग्नोनियासारख्या मांजरनख्या. त्या नख्यांनाही काळ्या दगडाची खडबडीत भिंत मानवते.

मग आम्ही भिंतीपासून वीतभर पुढे तारा ओढल्या. तरी पहिल्या वर्षी फुलं फक्त माथ्यावर, खाली बोडकं खोड. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवतं. फांदी आडवी केली की हा दाब सैलावतो. माळीबुवांनी लांब फांद्या तारेवर आडव्या बांधल्या. काही आठवड्यांत वरच्या अंगाचे डोळे फुटले आणि पावसाळ्यात सेक्रेटरी काकांच्या नाकासमोर घोस आले. संध्याकाळी उमलताना पांढरे, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. काका म्हणाले, "तीन वेगवेगळी रोपं लावलीत की काय?"