पंचवीसचा आकडा विजेच्या तारेतून आला

धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक असतंच. झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाटक पहाटेपर्यंत चालतं. गेल्या हंगामात गावातल्या एका पोराने पहिला अंक मोबाइलवर टिपला, बरोबर तासाभराची फाइल. मी ती एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या संगणकीय साधनाने बदलून दिली. आदेश लिहिताना मूळ फाइलच्या आधी 'आर' हा, सेकंदाला किती फ्रेम म्हणजे चित्रं ते सांगणारा, पर्याय टाकला आणि पुढे २५ लिहिलं. आपल्याकडे २५ चालतं, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी त्या नाटकात काम करणारे काका आले. म्हणाले, "काहून गा, गाणं संपून गेलं तरी माझं तोंड हालतच रायते?"

फाइल उघडून पाहिली. आवाज ६० मिनिटांत संपला होता, चित्र ७२ मिनिटं चालत होतं. मोबाइलने सेकंदाला ३० फ्रेम टिपल्या होत्या. 'आर' आधी लिहिला की एफएफएमपेग फाइलमधल्या वेळेच्या नोंदी बाजूला ठेवतं आणि आपण दिलेल्या दराने फ्रेमना नव्याने वेळ वाटतं. १,०८,००० फ्रेम, सेकंदाला २५ या हिशेबाने, बरोबर ७२ मिनिटं. तेव्हापासून मी या आकड्यांच्या मुळाशी जायला लागलो.

मूकपटाच्या काळात ठरलेला असा दर नव्हता. कॅमेरावाला हाताने दांडा फिरवायचा, सेकंदाला १६ ते २० च्या आसपास चित्रं पडायची, आणि दाखवणारा आपल्या अंदाजाने यंत्र चालवायचा. चालणारा माणूस थोडा भराभर चालला तरी डोळा चालवून घेतो. कान मात्र चालवून घेत नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस फिल्मला आवाज जोडला गेला आणि वेग हलला की सूर हलायला लागला, म्हणून वेग बांधणं भाग पडलं. मिनिटाला ९० फूट फिल्म, एका फुटात १६ चौकटी, म्हणजे सेकंदाला २४. मराठी चित्रपट १९३२ साली बोलू लागला तो याच दराने.

२५ चा आकडा सिनेमातून आला नाही, तो विजेच्या तारेतून आला. सुरुवातीच्या टीव्हीत विजेच्या पुरवठ्याची लहर चित्रात पट्ट्यासारखी उतरायची. चित्राचा दर विजेच्या दराशी जुळला तर तो पट्टा एका जागी थांबायचा, नाहीतर वरखाली सरकत राहायचा. युरोपात वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे एकाआड एक ओळींची, आणि दोन अर्ध्यांचं मिळून एक पूर्ण: २५. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणून तिथे ३०. आपली वीज ५० हर्ट्झची, आपण पाल ही युरोपातली रंगीत टीव्हीची पद्धत घेतली, आणि १९८२ साली आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं तेही २५ नेच.

हा संबंध आजही आमच्या मंडपात डोळ्यांनी दिसतो. ५० हर्ट्झवर चालणारी ट्यूब किंवा साधा एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. मोबाइल ३० फ्रेमवर असेल आणि शटर, म्हणजे एकेका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, त्या लयीशी जुळलं नाही, तर नटाच्या चेहऱ्यावरून काळसर पट्टे सरकतात. कॅमेरा २५ वर आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं की ते थांबतात. जनरेटरवर भार वाढून हर्ट्झ घसरले की पुन्हा सुरू होतात, हे मी मंचासमोर बसून पाहिलंय.

२९.९७ ची गोष्ट १९५३ ची. अमेरिकेत रंग आले, पण जुने कृष्णधवल संच टाकून देता येणार नव्हते. रंगाचा संकेत आवाजाच्या संकेताशी भिडून चित्रात जाळी उमटू नये, म्हणून ३० च्या दराला हजार भागिले एक हजार एक या अपूर्णांकाने गुणून तो किंचित कमी केला, म्हणजे २९.९७. हा फरक क्षुल्लक वाटतो. पण तासाभरात तो १०८ फ्रेमचा होतो, म्हणजे साडेतीन सेकंदांहून जास्त, आणि संवाद तेवढा मागे पडला तर नाटक बघवत नाही.

मोबाइल आल्यावर 'दर' या शब्दाचाच अर्थ सैल झाला. उजेड कमी पडला की बरेच फोन एकेका फ्रेमला जास्त वेळ देतात आणि दर खाली येतो. दिवे लागले की पुन्हा वर. एमपीफोर फाइल प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ जपते, म्हणून फोनवर सगळं नीट दिसतं. एफएफप्रोब या एफएफएमपेगसोबत येणाऱ्या तपासणीच्या साधनाने पाहिलं तर दराचे दोन आकडे मिळतात, एक अंदाजाचा आणि एक सरासरीचा. दोन्ही वेगळे दिसले, तर दर बदलता असावा हे मी धरून चालतो.

फाब्रीस बेलार यांनी २००० साली एफएफएमपेग सुरू केलं. तोवर हे सगळे आकडे जगात रुजलेले होते, आणि त्या साधनाला सगळ्यांना वाट द्यावी लागली. म्हणून एकच 'आर' दोन ठिकाणी दोन कामं करतो. मूळ फाइलच्या आधी आला तर वेळ बदलतो. नंतर, नव्या फाइलच्या नावाआधी आला, तर वेळ तीच ठेवून फ्रेम गाळतो किंवा दुबार करतो. एफपीएस नावाचं फिल्टरही हेच दुसरं काम करतं. ३० चे २५ करताना दर सहा फ्रेममागे एक जाते. बोलणाऱ्या माणसात ते कळत नाही, पण दंडारीत गोल धरून नाचणाऱ्यांचे पाय अडखळल्यासारखे दिसतात.

जुन्या लग्नाच्या कॅसेटींचं आणखी निराळं. त्यात ५० अर्धी चित्रं असतात. अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणारं यादिफ फिल्टर नेहमीच्या पद्धतीने लावलं तर २५ मिळतात आणि निम्मी हालचाल जाते. त्याची पद्धत १ ठेवली तर पूर्ण ५० मिळतात. वरातीच्या कॅसेटला मी आता ५० च ठेवतो.

काकांचा अंक मी 'आर' काढून पुन्हा बदलला. चित्रही ६० मिनिटांचं झालं. ते दुकानात स्टुलावर बसून गाण्यापर्यंत पाहत राहिले, शेवटच्या ओळीला स्वतःच्या तोंडाकडे टक लावून, आणि मग म्हणाले, "आता बराबर."