एक प्लॅन, दोन हँडसेट: अर्ज कुठे करावा, पात्र कोण आणि कागदपत्रे कोणती

मोबाइलचा एकच प्लॅन दोन हँडसेटवर चालावा, ही मागणी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील सिमच्या दुकानांत नेहमी ऐकू येते. रावेर-यावलकडच्या केळी बागायतदाराला महागडा स्मार्टफोन घरी ठेवून शेतात बटणांचा साधा फोन न्यायचा असतो. भुसावळच्या व्यापाऱ्याला दुकानाचा नंबर दोन्ही फोनवर वाजायला हवा असतो. शहाद्याच्या एखाद्या कुटुंबाला सुरतेत कामाला असलेल्या मुलाच्या फोनचा आणि घरच्या फोनचा खर्च एकाच बिलात बसवायचा असतो. तिघांचे म्हणणे एकाच वाक्यात सांगता येत असले तरी त्यांना लागणाऱ्या प्रक्रिया तीन वेगवेगळ्या आहेत. त्यांतील दोन प्रक्रियांना अर्जच लागत नाही, आणि एकीसाठी ओळखपत्रासह पूर्ण पडताळणी करावी लागते.

आधी तांत्रिक बाजू पाहू, कारण नियम तिच्यावरच उभे आहेत. आपला दहा आकडी नंबर सिमकार्डावर राहत नाही. सिममध्ये ग्राहकाची एक स्वतंत्र सांकेतिक ओळख असते आणि ती ओळख कोणत्या नंबरशी जोडायची, याची नोंद कंपनीच्या मध्यवर्ती संगणकात असते. एका नंबरपुढे एकच चालू सिम, अशी ही नोंद असते. त्यामुळे डुप्लिकेट सिम घेतल्यावर जुने सिम आपोआप बंद पडते आणि दोन फोनांत एकाच नंबरची दोन जिवंत सिमे राहत नाहीत. सामान्य ग्राहकाला एकच नंबर दोन फोनांवर एकाच वेळी चालू ठेवण्याची सोय आपल्याकडे कंपन्या देत नाहीत. कोणी सिमची ‘कॉपी’ करून देतो म्हणाला, तर त्या वाटेला जाऊ नये. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार फसवणुकीने किंवा दुसऱ्याच्या नावे सिम मिळवणे आणि सिम वा हँडसेटच्या ओळख क्रमांकाशी छेडछाड करणे या गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

या नियमाला एकच रूढ अपवाद आहे, तो म्हणजे सिमची सोय असलेले स्मार्ट घड्याळ. अ‍ॅपल वॉचचे सेल्युलर प्रकार २०१८ मध्ये भारतात आले, तेव्हापासून जिओ आणि एअरटेल या कंपन्यांनी फोनचाच नंबर आणि फोनचाच प्लॅन घड्याळातील ई-सिमवर (कार्ड न घालता उपकरणातच असलेल्या सिमवर) चालू देण्यास सुरुवात केली. त्यासाठी फोन आणि घड्याळ एकाच कंपनीच्या सेवेवर असावे लागतात. नोंदणी फोनमधील घड्याळाच्या अ‍ॅपमधून होते आणि वेगळे ओळखपत्र सहसा मागितले जात नाही. मात्र ही सवलत घड्याळापुरतीच आहे.

शेतात साधा फोन नेणाऱ्या बागायतदाराला अर्ज करण्याची गरज नाही. सिम एका हँडसेटमधून काढून दुसऱ्यात घालण्यास कायद्याने कोणतीही आडकाठी नाही आणि प्लॅन सिमबरोबरच जातो. अडचण येते ती हँडसेटच्या क्षमतेची. जिओचे जाळे केवळ ४जी आणि ५जी असल्यामुळे जुन्या २जी बटणफोनात जिओचे सिम चालत नाही. त्यासाठी ४जी कॉलिंगची सोय असलेला हँडसेट लागतो. एअरटेल आणि व्हीआय यांची २जी सेवा चालू असल्याने त्यांची सिमे जुन्या फोनात बोलण्यापुरती चालतात. रोज सिम काढ-घाल केल्याने नॅनो सिमच्या पट्ट्या घासतात, आणि अ‍ॅडॅप्टरमध्ये बसवलेले सिम साध्या फोनात अडकून बसण्याचे प्रकारही होतात. यूपीआयची अ‍ॅप्स सिम त्याच हँडसेटमध्ये असल्याची खात्री करून घेतात, त्यामुळे सिम शेतातल्या फोनात असताना घरच्या फोनवरून पैसे पाठवताना व्यवहार अडू शकतो. माझ्या मते, रोजची ही कसरत करण्यापेक्षा साध्या फोनात वेगळ्या नंबरचे स्वस्त सिम ठेवून मुख्य नंबरचे कॉल त्याकडे वळवणे अधिक सोयीचे.

कॉल वळवण्यासाठीही अर्ज किंवा कागद लागत नाही. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ हा पर्याय असतो. त्यात सर्व कॉल, उचलला नाही तर, व्यस्त असल्यास आणि संपर्काबाहेर असल्यास, असे चार प्रकार मिळतात. व्यापाऱ्याने ‘उचलला नाही तर’ हा प्रकार निवडला तर आधी दुकानातला आणि नंतर खिशातला फोन वाजतो. दोन्ही एकदम वाजत नाहीत, पण काम भागते. वळवलेल्या कॉलचे शुल्क प्लॅननुसार लागू शकते, ते आधी विचारून घ्यावे. पूर्वी स्टार-चार-शून्य-एक या कोडने कॉल वळवता येत असत. त्या कोडचा वापर करून ग्राहकांचे कॉल आणि ओटीपी चोरण्याचे प्रकार वाढल्यामुळे दूरसंचार विभागाच्या आदेशाने १५ एप्रिल २०२४ पासून ती सोय थांबवण्यात आली. तेव्हा फोनवरून कोणी असा कोड दाबायला सांगितला तर तो दाबू नये.

पुष्कळांना दुसऱ्या फोनवर नंबर नव्हे, केवळ इंटरनेट किंवा व्हॉट्सअ‍ॅप हवे असते. इंटरनेटसाठी हॉटस्पॉट पुरतो. व्हॉट्सअ‍ॅपने २०२३ पासून दुसरा फोन ‘जोडलेले साधन’ म्हणून वापरण्याची सोय दिली आहे. परंतु २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने संदेशवहन अ‍ॅप्सना असे निर्देश दिले की, ज्या सिमवर नोंदणी झाली ते सिम हँडसेटमध्ये असतानाच सेवा चालावी. त्यामुळे दीर्घकाळच्या कामकाजासाठी केवळ या सोयीवर विसंबून राहणे योग्य नाही.

आता ज्या प्रक्रियेसाठी खरोखर अर्ज करावा लागतो, त्या फॅमिली पोस्टपेड योजनेकडे वळू. एक प्लॅन दोन हँडसेटवर वापरण्याचा सर्वांत सरळ आणि अधिकृत मार्ग हाच आहे. त्यात एक मुख्य जोडणी असते आणि तिला एक किंवा अधिक पूरक जोडण्या लावल्या जातात. प्रत्येक जोडणीला स्वतःचे सिम आणि स्वतःचा नंबर असतो; डेटा सामायिक असतो आणि बिल एकच, मुख्य ग्राहकाच्या नावाने येते. जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्यांकडे अशा योजना आहेत.

पात्रतेचे मुद्दे मोजके आहेत. ग्राहकाचे वय १८ वर्षे पूर्ण असावे, कारण त्याखालील व्यक्तीच्या नावे नवी जोडणी देता येत नाही. शाळकरी मुलासाठीचे सिम पालकाच्याच नावावर घ्यावे लागते आणि त्याची जबाबदारीही पालकाची राहते. एका व्यक्तीच्या नावावर सर्व कंपन्या मिळून नऊपेक्षा अधिक जोडण्या असता कामा नयेत. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत ही मर्यादा सहा आहे. मर्यादा ओलांडल्यास पहिल्या वेळी पन्नास हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नऊ हा आकडा मोठा वाटतो. पण एकत्र कुटुंबात सगळ्यांची सिमे थोरल्या भावाच्या किंवा वडिलांच्या आधारवर घेण्याची रीत आहे आणि तिथे तो सहज भरतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर किंवा त्याच नावाच्या अ‍ॅपवर आपल्या नावावरील जोडण्यांची यादी पाहावी. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकल्यावर यादी दिसते, आणि त्यातील अनोळखी किंवा नको असलेला नंबर तिथूनच कळवता येतो.

मुख्य नंबर प्रीपेड असेल तर तो आधी पोस्टपेड करावा लागतो. ही विनंती कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा दालनातून करता येते, त्याच नंबरवर आलेल्या ओटीपीने तिची खातरजमा होते आणि नंबर बदलत नाही. चालू रिचार्जचे दिवस संपत आल्यावरच ही विनंती करावी. म्हणजे भरलेल्या पैशांचा पुरेपूर वापर होतो. काही योजनांमध्ये अनामत रक्कमही घेतली जाते.

पूरक जोडणी दोन प्रकारे घेता येते. एक तर नवे सिम घ्यावे किंवा घरात आधीपासून असलेला नंबर मुख्य जोडणीला जोडावा. दुसऱ्या प्रकारात त्या नंबरच्या धारकाची संमती ओटीपीद्वारे घेतली जाते. तो नंबर दुसऱ्या कंपनीचा असेल तर तो पोर्ट करावा, म्हणजे नंबर न बदलता कंपनी बदलावी, लागते. त्यासाठी इंग्रजीत ‘पोर्ट’, मोकळी जागा आणि दहा आकडी नंबर असा संदेश १९०० वर पाठवावा. उत्तरात आलेला कोड साधारणपणे चार दिवस वैध असतो. एकाच दूरसंचार परिमंडळात (सेवाक्षेत्रात) पोर्टिंगला तीन आणि दुसऱ्या परिमंडळातून पाच कामाचे दिवस लागतात. खानदेशात हा भेद कागदापुरता राहत नाही. आपले तिन्ही जिल्हे महाराष्ट्र परिमंडळात आहेत, पण नवापूरची हद्द ओलांडली की गुजरात आणि रावेरपुढे बऱ्हाणपूरकडे गेले की मध्य प्रदेश परिमंडळ लागते. सुरतेतल्या मुलाचा नंबर गुजरातचा असेल, तर तो शहाद्याच्या बिलात घेता येईल का, हे दालनात लेखी विचारून मगच अर्ज करावा. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस पूर्ण झालेले असणे आणि जुने पोस्टपेड बिल थकलेले नसणे, या पोर्टिंगच्या अटी आहेत.

कागदपत्रांबाबत आता सगळी प्रक्रिया डिजिटल आहे. १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्जाची पद्धत बंद झाली. आधार ई-केवायसीमध्ये (केवायसी म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळणे) बोटांच्या ठशाने पडताळणी होते आणि वेगळ्या छायाप्रती लागत नाहीत. डिजिटल केवायसीमध्ये मूळ ओळखपत्राचा आणि ग्राहकाचा प्रत्यक्ष फोटो विक्रेता कंपनीच्या अ‍ॅपमधून जागेवरच काढतो, आणि दुसऱ्या एखाद्या चालू नंबरवर ओटीपी येतो. कपाशी वेचून किंवा केळीचे घड वाहून ज्यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत, त्यांचा अर्ज ठसा जुळत नाही म्हणून परत पाठवला जाण्याचे कारण नाही. त्यांनी डिजिटल केवायसीचा आग्रह धरावा. आधारची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर ती राहिलेली नाही, त्यामुळे मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पारपत्र दाखवता येते. छायाप्रती दुकानात ठेवून येऊ नयेत. ठेवाव्याच लागल्या तर त्यांवर कशासाठी दिल्या ते आणि तारीख लिहून सही करावी.

दुसऱ्या हँडसेटमध्ये ई-सिम घ्यायचे असेल तर आधी *#०६# हा कोड दाबावा. पंधरा आकडी आयएमईआय या हँडसेटच्या ओळख क्रमांकाबरोबर ३२ आकडी ईआयडी हा ई-सिमचा ओळख क्रमांक दिसला तरच त्या हँडसेटमध्ये ई-सिम चालते. विनंती कंपनीच्या अ‍ॅपवरून करता येते. मिळालेला क्यूआर कोड दुसऱ्या पडद्यावरून स्कॅन करावा लागतो आणि त्या वेळी हँडसेटला इंटरनेट हवे असते. घरी वायफाय नसेल तर शेजाऱ्याचा हॉटस्पॉट चालतो. ई-सिम सुरू झाले की त्याच नंबरचे जुने प्लास्टिकचे सिम बंद होते. क्यूआर कोड कोणालाही पाठवू नये.

सिम बदलल्यानंतर, मग ते डुप्लिकेट असो वा ई-सिम, सुमारे २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक रोखण्यासाठीची ही व्यवस्था आहे, पण त्या काळात बँकेचे ओटीपीही येत नाहीत. म्हणून बाजार समितीचे पैसे यायचे असतील किंवा पीक कर्जाचे काम असेल त्या दिवशी सिम बदलू नये. सिम बदलल्यापासून सात दिवस नंबर पोर्टही करता येत नाही.

दुसरा हँडसेट जुना घेणार असाल तर तो चोरीचा किंवा बंद केलेला नाही, हे तपासून घ्यावे. इंग्रजी ‘केवायएम’, मोकळी जागा आणि आयएमईआय क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवल्यास हँडसेटची माहिती येते. बिलाशिवाय फोन घेणे टाळावे.

दुसऱ्या फोनातील सिम प्रीपेड असेल आणि ते महिनोन्महिने पडून राहणार असेल, तर सलग ९० दिवस काहीही वापर न झाल्यास नंबर बंद होऊ शकतो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे वजा होऊन मुदत ३० दिवसांनी वाढते. मात्र नंबर वाचणे वेगळे आणि सेवा चालू राहणे वेगळे. प्लॅनची मुदत संपल्यावर कॉल मिळत राहतील, असे गृहीत धरू नये.

अर्ज अडला, न मागितलेली पूरक जोडणी बिलात दिसली किंवा पोर्टिंग विनाकारण फेटाळले, तर कंपनीच्या तक्रार केंद्राच्या १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. त्याने समाधान न झाल्यास ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, म्हणून तिकडे पत्र लिहिण्यात वेळ घालवू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालवता येतात, हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे आणि तिथे तक्रार क्रमांक, बिले आणि कंपनीचे उत्तर हीच मुख्य कागदपत्रे ठरतात.